लपविणारे रंग व बोटभर शिपाई

दिवाळी जवळ आली कीं आपल्याकडे घरोघरीं अंगणांत, ओटीवर, तें नसेल तर गच्चीच्या कोपऱ्यांत, किल्ल्याची माती कालविण्यास आरंभ होतो. विटांचे तुकडे, पोतीं व चिकणमाती यांचा डोंगर उभा राहतो. त्यावर हळीव नाहीं तर मोहरी पेरली जाते. आणि चार दिवसांनीं कोंब फुटले म्हणजे कुंभाराकडून आणलेले मावळे आपापल्या जागीं चढतात. महाराज सिंहासनावर, भालदार दाराशीं, तोफ बुरुजावर, गवळण पायथ्याशीं, हा सर्व संसार आपणांस इतका ओळखीचा आहे कीं त्याविषयीं नवें सांगण्यासारखें थोडेंच आहे. परंतु अलीकडे या मावळ्यांच्या शेजारीं एक निराळाच गडी येऊन उभा राहूं लागला आहे. तो प्लास्टिकचा असतो, त्याच्या हातांत बंदूक असते, आणि घरांतील एखादा हौशी मुलगा त्याच्या अंगावर हिरवे-तपकिरी ठिपके काढून त्यास 'खरा' करण्याच्या नादास लागलेला असतो.

थोरल्या मुलांत हा नाद याहूनहि पुढें जातो. इतिहासांतील एखादी लढाई निवडावयाची, तिच्यांतील पलटणी बोटभर उंचीच्या पुतळ्यांनीं मेजावर मांडावयाच्या, फुटपट्टीनें अंतरें मोजून व फांसे टाकून ती नियमानें खेळावयाची, आणि तत्पूर्वीं प्रत्येक शिपायास त्याच्या काळाचा गणवेश रंगवावयाचा, असा हा छंद आहे. आपल्या बुद्धिबळाचा तो दूरचा भाऊच म्हणावयाचा. प्रशियाच्या सैन्यांत अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं १८२४ पासून असा खेळ नकाशावर खेळला जात असे. पुढें इंग्रज कादंबरीकार एच्. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं 'लिटल वॉर्स' हें छोटेखानी पुस्तक लिहून खेळण्यांतील शिपायांच्या लढाईचे नियम घालून दिले. या महिन्याच्या पानांत त्या छंदांतील एकाच, परंतु सर्वांत अवघड अशा कामाविषयीं लिहावयाचें आहे. तें म्हणजे ज्यास कॅमोफ्लाज म्हणतात त्या ठिपक्यांच्या, पट्ट्यांच्या, लपविणाऱ्या गणवेशाचें रंगकाम.

काम वरवर पाहतां क्षुल्लक वाटतें. परंतु त्यांत एक खरें कोडें दडलेलें आहे. हा गणवेश कोणासहि दिसूं नये म्हणून निर्माण झाला, आणि आपला बोटभर शिपाई तर सर्वांस दिसावा म्हणूनच किल्ल्यावर वा मेजावर उभा करावयाचा. गणवेश हुबेहूब रंगवावा तर हातभर अंतरावरून तो पुतळा नव्हे, मातीचें ढेकूळ दिसतें. ठिपके ठसठशीत काढावे तर शिपायाचें होळींतलें सोंग होतें. मुलें बहुधा या दोन खड्ड्यांपैकीं एकांत पडतात व कंटाळून कुंचला टाकतात. दोष त्यांच्या हाताचा नसतो. आपण काय रंगवीत आहों हें त्यांस कोणी सांगितलेलें नसतें, एवढेंच.

तें समजून घेण्यास दूर जावयास नको. बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांची भूमि या विषयाची उत्तम शाळा आहे. एकोणिसाव्या शतकांत निघालेला नीरेचा डावा कालवा या दोन्ही तालुक्यांतून वाहतो, आणि त्याच्या पाण्याखालीं काळ्या रानांत ऊंस उभा आहे. त्या हिरवळींतून बाहेर पडून थोडे चालावें, तों पायांखालीं मुरूम लागतो, झाडें विरळ होतात, आणि खुरटें गवत व बोरी-बाभळी यांचा उघडा माळ सुरू होतो. पावसाळ्यांत हा माळ हिरवा असतो. दिवाळीनंतर तो पिवळा पडतो. आणि उन्हाळ्यांत माती, गवत व दगड यांचा मिळून एकच पिंगट रंग होतो. बारामती तालुक्यांत सुपें येथें सुमारें ५ चौरस किलोमीटरांचें मयूरेश्वर अभयारण्य आहे, व इंदापूर तालुक्यांत कडबनवाडीचा माळ आहे. या दोन्ही ठिकाणीं चिंकारा हरिण राहतें. त्याची पाठ वाळक्या गवताच्या रंगाची आणि पोट पांढरें असतें. तें चालत असेल तर दिसतें. उभें राहिलें कीं दिसेनासें होतें. त्याच माळावर रातवा पक्षी दिवसा जमिनीशीं चिकटून बसतो, आणि पाय पडण्याच्या बेतांत येईपर्यंत तो पक्षी आहे कीं पालापाचोळा आहे हें कळत नाहीं. टिटवी तर घरटें म्हणून कांहीं बांधीतच नाहीं. उघड्या खड्यांत अंडीं घालते, आणि तीं अंडीं खड्यांतलींच दिसतात.

या तीन उदाहरणांत लपविण्याच्या तीन निरनिराळ्या युक्त्या आहेत, आणि शिपायाच्या गणवेशांत त्याच पुन्हां येतात. पहिली युक्ति म्हणजे भोवतालच्या जमिनीचा रंग घेणें. ती टिटवीच्या अंड्याची. दुसरी म्हणजे अंगावर गडद व फिकट डाग असे टाकणें कीं शरीराची कड मोडून जावी, ती रातव्याची. त्याच्या पिसांवरील काळसर रेघा पाहणाराच्या डोळ्याला पंखाची कड सांपडूंच देत नाहींत. तिसरी युक्ति सर्वांत सूक्ष्म. उन्हांत उभ्या असलेल्या कोणत्याहि वस्तूची वरची बाजू उजळ व खालची काळोखी दिसते, आणि त्या छायेवरूनच ती गोल, भरीव आहे हें आपणांस समजतें. चिंकाऱ्याची पाठ गडद व पोट पांढरें असल्यामुळें ऊन व छाया यांची फिट्टंफाट होते. शरीराचा गोलपणा नाहींसा होऊन तें सपाट दिसतें, आणि सपाट वस्तु गवतांत विरून जाते. हा नियम ॲबट थेअर नांवाच्या अमेरिकन चित्रकारानें १८९६ सालीं मांडला. पुढें ह्यू कॉट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १९४० सालीं प्राण्यांच्या रंगांवर मोठा ग्रंथ लिहून या सर्व युक्त्यांची व्यवस्थित मांडणी केली. पहिला नियम चित्रकारास सुचावा यांत नवल नाहीं. छाया काढून वस्तु भरीव करणें हा ज्याचा धंदा, त्यालाच छाया पुसून ती नाहींशी कशी करावी हें प्रथम दिसणार.

मनुष्याला मात्र हें शहाणपण फार उशीरा आलें. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील सैन्यें लाल, निळे, पांढरे असे भडक पोशाख घालून लढत. तोफांच्या धुरांत आपला कोण व परका कोण हें कळावें हा त्यांतील एक हेतु होता. दूरवर नेमका मारा करणारी बंदूक आल्यावर तोच पोशाख जिवावर बेतूं लागला. यांतून एक वाट निघाली ती हिंदुस्थानांत. १८४६ सालीं पेशावरकडे हॅरी लम्सडेन यानें 'गाइड्स' नांवाचें दल उभारलें, व त्यास धुळीच्या रंगाचा पोशाख दिला. खाक म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. १८५७ च्या धामधुमींत गोऱ्या पलटणींनीं आपले पांढरे कपडे चहा, शाई, माती, जें हातीं लागेल त्यांत बुडवून मळकट करून घेतले. फ्रान्सनें मात्र हा धडा घेतला नाहीं. १९१४ च्या महायुद्धांत त्याचे शिपाई लाल तुमानी घालून शेतांत उतरले व भयंकर संख्येनें मारले गेले. तेव्हां १९१५ सालीं गिराँ द सेव्होला या चित्रकाराच्या नेतृत्वाखालीं फ्रेंच सैन्यांत चित्रकारांचें एक खातेंच उघडण्यांत आलें. तोफा, पडदे, टेहळणीच्या जागा रंगवून लपविणें हें त्यांचें काम. आणि त्यांनीं आपलें चिन्ह म्हणून रंग बदलणारा सरडा निवडला.

कापडावर छापलेले डाग त्यानंतर आले. इटलीनें १९२९ सालीं व जर्मनीनें १९३१ सालीं असें कापड काढलें, तें प्रथम तंबूसाठीं व पावसांत पांघरण्यासाठीं. इटलीच्या कापडावर मोठे, वेडेवांकडे, ओघळल्यासारखे डाग होते. जर्मनीच्या कापडावर कांचेच्या फुटक्या तुकड्यांसारखे टोकदार डाग व त्यांवर पावसाच्या सरींसारख्या बारीक रेघा. ब्रिटनच्या छत्रीधारी सैनिकांचा 'डेनिसन' सदरा दुसऱ्या महायुद्धांत निघाला. त्यांतील पहिले सदरे रुंद कुंचल्यानें हातानेंच रंगविलेले होते. अमेरिकेनें १९४२ सालीं काढलेल्या कापडाची नक्षी नॉरव्हेल गिलेस्पी या बागाइतीवर लिहिणाऱ्या गृहस्थाची होती. तें कापड दुहेरी असे. एका बाजूस जंगलासाठीं हिरवे डाग, उलटें केलें कीं वाळूसाठीं तपकिरी. आपला माळ श्रावणांत एक व चैत्रांत दुसरा दिसतो, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास या दुहेरी कापडाचें रहस्य वेगळें सांगावयास नको.

येथें मुलांस एक गोष्ट निक्षून सांगावी. प्रत्येक काळाचें कापड वेगळें. ठिपके सुंदर दिसतात म्हणून तें वाटेल त्याच्या अंगावर चढवूं नये. महाराजांचा मावळा असल्या कापडाचा नव्हता. १६६३ सालीं लाल महालावर छापा पडला तेव्हां आपल्या लोकांचें आच्छादन होतें तें रात्रीचें, गर्दीचें व वाटांच्या खडान्‌खडा माहितीचें. मालोजीराजे ज्या इंदापुरास लढाईंत पडले त्याचा देखावा करावयाचा तर त्यांत पागोटीं, अंगरखे, ढाला व भाले यांचे उजळ रंगच शोभतील. सेनिओ नदीवरील ९ एप्रिल १९४५ चा प्रसंग घ्या. इटलींतील या लढाईंत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनीं जखमी सोबत्यांस गोळ्यांच्या वर्षावांतून उचलून आणलें, शत्रूचीं मशिनगनचीं ठाणीं बंद पाडलीं, व व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. हा देखावा मांडतांना डागांचें कापड समोरच्या जर्मनांपैकीं कांहींच्या अंगावर येईल. मराठ्यांचा पोशाख एकरंगीच ठेवावा. ब्रह्मदेशांतील १९४४-४५ च्या मोहिमेंतील आपला शिपाई जंगली हिरव्या रंगांत, आणि १९७१ च्या युद्धांतील पायदळहि एकरंगी हिरव्यांतच रंगवावें. १५ जानेवारी २०२२ या सैन्यदिनीं दिल्लीच्या संचलनांत बारीक चौकोनी ठिपक्यांचा जो नवा गणवेश प्रथम लोकांपुढें आला, व जो निफ्ट या संस्थेच्या साहाय्यानें तयार झाला, तो त्यापूर्वींच्या कोणत्याहि शिपायास घालूं नये. चुकीचें साल असलेलें सुंदर रंगकाम हें चुकीच्या नांवानें म्हटलेल्या सुरेल रागासारखें आहे. ऐकणारास गोड लागेल, परंतु शिकणाराचें नुकसान होईल.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. आधीं थोडें गणित. बाजारांत मिळणारे पुतळे अनेक मापांचे असतात. त्यांतील २८ मिलिमीटर उंचीचा घेतला तर तो खऱ्या मनुष्याच्या सुमारें साठाव्या हिश्शाएवढा होतो. म्हणजे कापडावर १२ सेंटिमीटरांचा डाग असेल तर पुतळ्यावर तो २ मिलिमीटरांचा व्हावा. आणि तीन सेंटिमीटरांचें पान अर्ध्या मिलिमीटरांत बसवावें लागेल. तें कोणाच्याहि हातून नीट व्हावयाचें नाहीं, व झालें तरी डोळ्यास दिसावयाचें नाहीं. दुसरें असें कीं, हा पुतळा ६० सेंटिमीटरांवरून पाहणें म्हणजे खऱ्या शिपायास ३६ मीटरांवरून पाहण्यासारखें आहे. तेवढ्या अंतरावर बारीक डाग एकमेकांत मिसळतात व गडद रंग हवेमुळें किंचित् फिके दिसतात. यावरून तीन नियम निघतात: डागांची संख्या कमी करावी, त्यांचा आकार मापापेक्षां थोडा मोठा ठेवावा, आणि प्रत्येक रंग मूळ कापडाहून एक छटा उजळ घ्यावा. हुबेहूबपणा मोजून साधत नाहीं. पाहणाराच्या डोळ्यास जें वाटावयाचें तें वाटलें म्हणजे झालें.

साहित्य फार लागत नाहीं. शून्य किंवा एक क्रमांकाचा गोल कुंचला पुरे. मात्र त्याचें टोक अणकुचीदार हवें. केसाएवढा कुंचला घेऊन बारीक काम होतें ही समजूत चुकीची आहे. त्यांत रंग राहत नाहीं व टोकावरच वाळतो. रंग ॲक्रिलिक असावे. पोस्टर रंग ओल्या बोटानें निघतात. पुतळा प्लास्टिकचा असेल तर प्रथम साबणाच्या पाण्यानें धुऊन वाळवावा, कारण साच्याचें तेल अंगावर राहिल्यास रंग धरत नाहीं. मातीचा असेल तर तो रंग पितो. म्हणून त्यास आधीं पांढऱ्या वा करड्या रंगाचें पातळ अस्तर द्यावें. पुतळा बाटलीच्या बुचावर चिकटवून बूच हातांत धरावें, म्हणजे बोटें रंगास लागत नाहींत. ताटलींत ओलें फडकें घालून त्यावर बटरपेपर पसरला व त्यावर रंग काढले तर ते आपल्या कोरड्या हवेंतहि बराच वेळ ओले राहतात. रंगांच्या डझनभर बाटल्या घेण्याचें कारण नाहीं. पिवळ्यांत थोडा काळा मिसळला कीं सैनिकी हिरवा होतो, हें पाहून मुलांस मोठी मौज वाटते. पिवडींत पांढरा व किंचित् तपकिरी मिसळला कीं खाकी होतो. काव व काळा यांपासून माळाच्या मुरमाचा तांबूस-तपकिरी मिळतो.

क्रम असा ठेवावा. प्रथम कापडाचा सर्वांत फिकट रंग सबंध पोशाखास द्यावा व पूर्ण वाळूं द्यावा. नंतर मधल्या रंगाचे डाग टाकावे, व शेवटीं सर्वांत गडद. डाग टाकतांना रांगोळीच्या ठिपक्यांचा सराव विसरावा. रांगोळींत ठिपके सारख्या अंतरावर असणें हा गुण आहे. येथें तोच दोष ठरतो. एक डाग खांद्यावरून पाठीवर वाहूं द्यावा, दुसरा बाहीच्या शिवणींत अर्धा कापला जावा, तिसरा खिशावर व अंगावर मिळून पडावा. कापड आधीं छापलें जातें व मग बेतून शिवलें जातें. म्हणून डाग शरीराच्या अवयवांस मान देत नाहींत. जिनें कापड बेतलें आहे त्या घरच्या काकूस हें चटकन् समजेल, व बाहीचा डाग खांद्याशीं जुळावयाचा नाहीं हें ती मुलांस जितकें नीट दाखवील तितकें कोणतेंहि पुस्तक दाखविणार नाहीं. जर्मन कापडाच्या पावसाच्या रेघा सबंध अंगभर काढूं नयेत. पाठीवर व गुडघ्यांवर मिळून दहा-बारा पुरतात. डेनिसन सदऱ्याचे फटकारे कुंचल्यानें सरळ ओढावे. मूळ कापडावरहि ते तसेच ओढलेले होते, त्यामुळें नवशिक्यानें आरंभ येथूनच करावा. चौकोनी ठिपक्यांच्या नव्या कापडाचा प्रत्येक ठिपका काढण्याच्या भरीस पडूं नये. स्पंजाच्या चिमूटभर तुकड्यानें हलके ठसे उमटवून, डागांच्या कडांवर तेवढे चार-दोन चौकोन कुंचल्यानें बसवावे. बाकीचे पाहणाराचा डोळा आपण होऊन भरून घेतो.

येथवर आपण शिपायास लपविला. आतां त्यास पुन्हां दाखवावयाचें आहे, आणि सर्व कामाचें मर्म येथें आहे. चिंकाऱ्याच्या अंगावर निसर्गानें वर गडद व खालीं फिकट रंग देऊन त्याचा गोलपणा पुसला. आपण याच्या नेमकें उलट करावयाचें. पुष्कळ पाणी घातलेला काळसर-तपकिरी रंग सबंध गणवेशावरून हलकेच फिरवावा. तो चुण्यांत, काखेखालीं, पट्ट्याच्या कडेस व गुडघ्यामागें जाऊन साचतो व छाया तयार होते. तो वाळल्यावर खांदा, कोपर, मांडीचा वरचा भाग, टोपीचा माथा या उन्हांत येणाऱ्या जागांवर मूळ रंगाचीच एक उजळ छटा अगदीं थोडी लावावी. असें करतांच मघांपर्यंत डागांचा गोळा भासणारा पुतळा एकदम हाडामांसाचा होतो. याखेरीज ज्या वस्तु कापडाच्या नाहींत त्या एकरंगी व स्वच्छ ठेवाव्या: चेहरा, हात, बूट, पट्टा, बंदुकीचा दस्ता. डागांच्या गर्दींत या चार-पांच शांत जागा मिळाल्या कीं डोळा त्यांना धरून सबंध मनुष्य उभा करतो. चेहऱ्याकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावें. गणवेश कितीहि नमुनेदार असला तरी पाहणारा शेवटीं चेहराच शोधतो. शेवटीं चमक न येणाऱ्या वॉर्निशचा हात द्यावा. चकाकणारें कापड लपविणारें कसें असेल?

शिपाई झाला, तरी त्याचा तळ राहिलाच. मुलें तळ हिरवा रंगवून मोकळीं होतात, आणि केलेल्या सर्व कामावर पाणी पडतें. लपविणारा रंग स्वतः चांगला वा वाईट नसतो. तो कोणत्या जमिनीवर उभा आहे यावर सर्व अवलंबून असतें. उंसाच्या फडांत जो हिरवा वेष शिपायास गिळून टाकील, तोच कडबनवाडीच्या माळावर कोसभरावरून चाड्या सांगेल. म्हणून तळासाठीं खरी माती वापरावी. नीरेकांठची काळी माती व माळावरील मुरूम, दोन्ही वस्त्रगाळ करून निरनिराळ्या डबींत ठेवावीं. तळास सरस लावून त्यावर माती भुरभुरावी, व झाडणीचे किंवा नारळाच्या शेंड्यांचे बारीक तुकडे गवत म्हणून रोंवावे. मग एकाच रंगाचे दोन शिपाई दोन तळांवर उभे करून पाहावे. जो धडा शब्दांनीं समजावण्यास घटका लागेल, तो एका दृष्टिक्षेपांत समजतो.

घरच्या वडील माणसांसाठीं दोन सूचना. धातूच्या जुन्या पुतळ्यांत शिसें असण्याचा संभव असतो. ते लहानांच्या हातीं देऊं नयेत, व काम झाल्यावर हात धुण्याचा नियम कडक ठेवावा. कुंचल्याचें टोक ओठांनीं साधण्याची खोड आरंभींच मोडावी. दुसरी सूचना पोशाखाची. ठिपक्यांचें कापड मुलांस आवडतें म्हणून त्याचे सदरे शिवण्याचा मोह होतो. भारतीय सैन्यानें २०२२ सालीं आपल्या नव्या गणवेशाच्या नक्षीची रीतसर नोंदणी केली, ती तें कापड वाटेल त्यानें विकूं नये व घालूं नये म्हणूनच. पुतळ्यावर तो रंग अभ्यासाचा आहे. आपल्या अंगावर तो मिरविण्याचा नाहीं.

आणि आतां जी शंका बहुतेक घरांत आजी काढील, व काढावी, तिच्याविषयीं. लढाई हा काय खेळ आहे? देवघराच्या भिंतीपलीकडे मुलांनीं फांसे टाकून माणसें मारावीं आणि आपण त्यास रंग पुरवावे, हें कितपत योग्य? शंका वाजवी आहे. वेल्स यांसहि ती सुचली होती, आणि मेजावरची लढाई खऱ्या लढाईहून कितीतरी बरी, तींत कोणाचें घर बसत नाहीं, असें त्यांनीं आपल्या पुस्तकांत म्हटलें. पुढच्याच वर्षीं खरें महायुद्ध पेटलें. खेळानें युद्ध थांबत नाहीं, हें उघड आहे. परंतु युद्ध म्हणजे काय हें मुलास कळण्याच्या पुष्कळ वाटा आहेत, आणि त्यांपैकीं सर्वांत फसवी वाट झगमगीची आहे. तलवारी चमकतात, निशाणें फडफडतात, आणि मरण कोठेंच दिसत नाहीं. हा मळकट, डागाळलेला गणवेश ती झगमग उतरवितो. आपण हे डाग कां काढतों, असें मुलानें विचारलें कीं त्याचें उत्तर एकच आहे: समोरच्यानें पाहिलें तर तो गोळी घालील म्हणून, घरीं याची कोणी वाट पाहत आहे म्हणून. जें हरिण माळावर जीव मुठींत धरून उभें राहतें, त्याचीच विद्या मनुष्यानें उसनी घेतली आहे. अर्ध्या मिलिमीटरांच्या त्या डागांत शौर्याची बढाई नाहीं; जगण्याची इच्छा आहे. एवढें ज्या मुलाच्या मनांत उतरलें, त्यानें रंगविलेला शिपाई आजीनें खुशाल देवघराशेजारीं ठेवूं द्यावा.

यंदाच्या दिवाळींत किल्ला मावळ्यांचाच असूं द्या. त्यांत नव्या शिपायाची भेसळ नको. नव्यासाठीं शेजारीं एक पाट मांडा. पाटाच्या अर्ध्या भागावर काळी माती घालून हळीव पेरा. उरलेल्या अर्ध्यावर मुरूम व वाळकें गवत पसरा. दोन्हींकडे मिळून चार शिपाई ठेवा, आणि घरांतील सर्वांस, लहानापासून आजोबांपर्यंत, ते शोधावयास सांगा. जे लौकर सांपडतील त्यांचे रंग पुन्हां पाहा. आणि सुट्टींत सुप्याकडे वा कडबनवाडीकडे जाण्याचा योग आला तर मुलांस माळाच्या कडेस घटकाभर शांत बसवा. चिंकारा दिसला तर भाग्य. न दिसला तरी तो आपल्यासमोरच उभा नसेल असें नाहीं. हे माळ पडीक म्हणून नांगरले गेले, तर या रंगांचे मूळ गुरु आपल्या मुलांस पुस्तकांतच पाहावे लागतील, एवढें मात्र वडिलांनीं ध्यानांत ठेवावें.